खेचरवाले मेजर

घोरपडे साहेबांनी टँकरची किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "मेजर, एक चक्कर मारून दाखवा. त्या वजनकाट्यापर्यंत न्यायची, वळवायची आणि परत आणायची. मग आजच हजर करून घेतो."

मी किल्लीकडे बघत उभा राहिलो. दूध संघाच्या आवारात सकाळची गडबड चालली होती. टेम्पोतून कॅन उतरत होते, पाण्याचे पाट वाहत होते, आणि ऑफिसच्या ओट्यावर गावोगावच्या संकलन केंद्रांच्या बायका मीटिंगसाठी येऊन बसल्या होत्या. त्यांच्यात माझी बायको शालन होती. आमच्या गावचं केंद्र तीच चालवायची. साहेबांकडे माझ्यासाठी शब्द टाकला तो तिनंच. मला एवढंच म्हणाली होती, "फौजेतला माणूस हाय तर घिऊन या म्हनले साहेब. कायतरी बघतील." कायतरी म्हणजे काय, ते ना तिनं सांगितलं, ना मी विचारलं.

"साहेब," मी म्हणालो, "मला गाडी येत नाही."

"लाजता काय? फौजेत याच्यापेक्षा मोठ्या गाड्या पळवल्या असतील तुम्ही."

"नाही साहेब. मी गाडी कधीच चालवली नाही."

साहेबांनी माझं डिस्चार्ज बुक उघडलं. त्यातल्या ओळीवर बोट ठेवलं. "मग हे काय? ट्रेड, ड्रायव्हर. सरकारनं खोटं लिहिलंय का?"

"त्याच्यापुढं ए. टी. लिहिलंय साहेब. अ‍ॅनिमल ट्रान्सपोर्ट. माल वाहणारी जनावरं." मी थांबलो. मग म्हणालो, "खेचरं. मी खेचरांचा ड्रायव्हर होतो."

एक क्षण कुणालाच काही उमजलं नाही. मग कॅन उतरवणारा एकजण फुसकन हसला, आणि त्याचं हसू सगळ्या आवारात पसरलं. टँकरचा जुना ड्रायव्हर तिथंच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, मग टँकरला खेचरंच जुपा की! डिझेल तरी वाचंल!" घोरपडे साहेब तसे सज्जन माणूस. त्यांनी हसू आवरायचा प्रयत्न केला, पण त्यांनाही ते जमलं नाही. मला हसण्याचं काही वाटलं नाही. फौजेतसुद्धा आम्हाला हसायचे. मी फक्त ओट्याकडे बघितलं. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. शालन हसत नव्हती. ती खाली बघून नखानं ओट्याच्या फरशीवरचा चुना खरवडत होती.

घरी जाताना आम्ही एसटीत एकाच बाकावर बसलो. ती खिडकीतून बाहेर बघत होती. गाव जवळ आलं तेव्हा म्हणाली, "मला वाटलं, फौजेत समद्यांनाच गाडी येत असंल."

"नाही येत."

"बरं," ती म्हणाली.

आमचं बोलणं असंच असायचं. भांडण नव्हतं कसलंच. लग्न झालं आणि महिनाभरात मी निघून गेलो, त्यानंतर सतरा वर्षांत सुट्टीला येईन तेवढाच नवरा. बाकीचा वेळ कधी काश्मीर, कधी सिक्कीम. जिथं गाडीचा रस्ता संपतो तिथून पुढं आमचं काम असायचं. रेशन, दारूगोळा, रॉकेल, सगळं खेचरांच्या पाठीवर घालून वरच्या चौक्यांवर पोचवायचं. येताना कधी आजारी जवानाला खाली आणायचं. वाट एवढी अरुंद की माणूस आणि खेचर शेजारी चालू शकत नाहीत. माणूस पुढं, खेचर मागं, आणि बोलायला दुसरं कुणी नाही.

तिथून मी घरी आलो तेव्हा माझी चाळिशीसुद्धा आली नव्हती. आमच्या पाटण भागात फौजेतून आलेल्या कुणालाही लोक मेजर म्हणतात. मी नाईक म्हणून सुटलो, पण गावात पाऊल टाकताच मेजर झालो. पहिले आठ-दहा दिवस लोक येऊन बसले, चहा प्याले, लढाईचं विचारून गेले. मग ज्याचा तो कामाला लागला. मी घरात उरलो.

आणि घरात माझ्यासाठी जागाच नव्हती. कुणी मला नको म्हणत होतं असं नाही, पण माझ्याविना सगळं नीट चाललेलं होतं. शालन पहाटे उठून म्हशीची धार काढायची, केंद्रावर जायची, लोकांचं दूध मापून घ्यायची, येऊन भाकरी टाकायची, रानात जायची. पुष्पा, आमची मुलगी, तेव्हा सातवीत होती. मी खोलीत आलो की ती पुस्तकं गोळा करून बाहेर जायची, पाहुण्यासाठी जागा करावी तशी. मला ती "तुम्ही" म्हणायची आणि आईला "तू".

पहाटेची जाग मात्र माझी सुटली नव्हती. एकदा करमेना म्हणून गोठ्यात गेलो, खरारा घेतला आणि म्हशीचं अंग घासायला लागलो, जसं मी खेचरांचं घासायचो तसं. म्हशीनं अशी लाथ झाडली की मी शेणात बसलो. शालन दारात कॅन घेऊन उभी होती.

"तिला सवय न्हाई त्याची," ती म्हणाली. "ठिवा तो खरारा. मी बघते."

काम शोधायला मी फिरलो नाही असं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी माजी सैनिकांसाठी ऑफिस आहे, तिथं नाव नोंदवलं. पुण्यात वॉचमनच्या जागा होत्या, पण पुन्हा घर सोडायला मन घेईना. कराडमध्ये एका मोठ्या कापडदुकानानं ठेवून घेतलं. फेटा बांधायचा, कमरेला पट्टा लावायचा, आणि लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्यांना दार उघडून नमस्कार करायचा. मालक म्हणाला, "मिशा जरा वाढवा, फौजी वाटलं पाहिजे." मी वाढवल्या. दिवसभरात शेकडो माणसं माझ्यासमोरून आत जायची आणि बाहेर यायची, पण नजर वर करून एकही बघायचा नाही. लग्नसराई संपल्यावर मालकानं फेटा काढून घेतला.

त्यानंतर ही टँकरची किल्ली.

संघातली फजिती चार-आठ दिवसांत आसपासच्या गावांत पोचली. पण तिच्यातूनच पुढचं घडलं. एके दिवशी दुपारी आमच्या दारात जीप थांबली. मागं पोरांचा घोळका. जीपमधून उतरलेला माणूस पँटवर चिखलाचे डाग पडलेला, डोक्याला टोपी घातलेला.

"खेचरवाले मेजर इथंच राहतात का?" त्यानं विचारलं.

घोळका खिदळला. मी बाहेर आलो.

"मी राजहंस," तो म्हणाला. "वर डोंगरावरून विजेची मोठी लाइन चालली आहे ना, तिच्या टॉवरचं काम माझ्याकडे आहे. जीप अर्ध्या डोंगरापर्यंतच जाते. वाळू, सिमेंट, लोखंडी अँगल सगळं खेचरांवर टाकून न्यावं लागतं. उत्तर प्रदेशातली टोळी आणली आहे. त्यातला एकजण पाय मोडून गावी गेला. त्याची खेचरं दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत. मी दूध संघात चहा प्यायला थांबलो होतो, तिथं तुमची गोष्ट ऐकली. ते हसत होते. मी म्हटलं, पत्ता द्या."

शालन आतून चहा घेऊन आली होती. ती कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"येतो," मी म्हणालो. "कपडे घेतो आणि येतो."

डोंगरावर पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. कातळाच्या सपाटीवर चार-पाच तंबू आणि त्यांच्या बाजूला दाव्याला बांधलेली खेचरांची रांग. टोळीचा मुकादम शकूर मियाँ पांढऱ्या दाढीचा, सावकाश बोलणारा. त्यानं लांबूनच हात दाखवला. "वो आखिरी वाली. मुन्नी नाम है. सँभल के, काटती है."

मुन्नी काळपट रंगाची, उंच कानांची. मला बघून तिनं दोन्ही कान मागं पाडले. मी तिच्या डोळ्यांत बघितलं नाही. तिच्याकडे पाठ करून एका दगडावर बसलो आणि हळूहळू बोलायला लागलो. काय बोललो ते आठवत नाही. अर्धं हिंदी, अर्धं मराठी, जसं मी सतरा वर्षं बोलत आलो होतो. बऱ्याच वेळानं माझ्या मानेवर गरम श्वास आला. मग खांद्यावर तिचं नाक टेकलं. खेचराच्या अंगाला घाम, चणे आणि कातड्याच्या पट्ट्याचा मिळून एक वास असतो. तो वास आला आणि मला घरी आल्यासारखं झालं. मी घरी परतलो तेव्हासुद्धा मला असं झालं नव्हतं.

डोंगरावर माझं बरं चाललं. पहाटे उठायचं, खेचरांना चारायचं, पाठी तपासायच्या, खोगीर चढवायचं आणि उन्हं तापायच्या आत पहिली फेरी करायची. वर वारा असा की बोललेला शब्द कानाशी येत नाही, तरी मी मुन्नीशी बोलत राहायचो. तंबूत टोळीतली माणसं आपापसात त्यांच्या गावच्या गप्पा मारायची. मला त्यातलं फारसं कळायचं नाही. पण न कळण्याचं मला काही वाटायचं नाही, कारण तिथं माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती.

आठवड्यातून एकदा मी घरी उतरायचो. गंमत अशी की तेव्हापासून घरात सगळं सोपं झालं. मी येणार त्या दिवशी शालन मटण आणायची, डोक्याला तेल लावून स्वच्छ लुगडं नेसायची. पुष्पा मला शाळेतलं काहीबाही सांगायची. दुसऱ्या दिवशी मी निघालो की दोघी दारापर्यंत यायच्या. मी पुन्हा सुट्टीवर येणारा माणूस झालो होतो आणि आम्हा तिघांनाही तेच येत होतं.

एकदा शालन डोंगरावर आली. वरच्या धनगरवाड्यावर कुणी दुभती म्हैस विकायला काढली होती, ती बघायला चालली होती. वाट आमच्या कामावरून जायची. ती येणार हे मला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी आम्ही लांब अँगल चढवत होतो. एक वळण असं होतं की डाव्या हाताला कडा आणि उजव्या हाताला दरी. त्या वळणावर मुन्नीच्या पाठीवरचा अँगल कड्याला घासला, खणकन आवाज झाला आणि ती बिथरली. मागचे पाय वाटेच्या कडेवर गेले. खालचे दगड सुटून दरीत गेले, आणि ते कुठं पोचले त्याचा आवाजसुद्धा आला नाही. शकूर मियाँ मागून ओरडला, "रस्सी छोड़ दो! तुमको भी ले जाएगी!"

मी दोर सोडला नाही. पण ओढलाही नाही. ओढला असता तर तिनं झटका दिला असता आणि आम्ही दोघं गेलो असतो. मी तिच्या तोंडाशी गेलो, कपाळाला कपाळ लावलं आणि बोलत राहिलो. तिची कातडी थरथरत होती. मी बोलत राहिलो. बऱ्याच वेळानं तिनं एक पाय उचलून वाटेवर ठेवला. मग दुसरा. शकूरनं येऊन अँगलची दोरी कापली, लोखंड दरीत गेलं, आणि मुन्नी माझ्या छातीवर डोकं टेकून उभी राहिली.

मी वळून बघितलं तर वळणाच्या पलीकडे शालन उभी होती. हातात भाकरीचं गाठोडं. चेहरा पांढरा पडलेला.

"तू कधी आलीस?"

"मघाशीच."

ती जवळ आली. मुन्नीकडे बघत राहिली. हात पुढं केला, पण लावला नाही. मग गाठोडं माझ्या हातात दिलं.

"खरडा हाय आत. सांडू नका." थोडी पुढं गेली, थांबली, आणि मागं न बघता म्हणाली, "बरंच बोलता की तुम्ही."

मला वाटलं थट्टा केली. मी हसलो.

पावसाळा जवळ आला तसं शेवटच्या टॉवरचं काम संपलं. टोळी खेचरांना ट्रकमध्ये चढवायची तयारी करायला लागली. राजहंस साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, "मेजर, पुढचं काम हिमाचलमध्ये आहे. मोठं काम आहे, दोन-तीन वर्षं हलायला नको. तुम्ही मुकादमाच्या जोडीनं चला. तंबू, जेवण सगळं आमच्याकडे. वर्षातून सुट्टी. तुमच्यासारख्या माणसाला इथं दुसरं काय आहे?"

इथं दुसरं काही नाही, हे मलाही पटत होतं. मी हो म्हणालो नाही, पण मनात जाऊन पोचलोसुद्धा होतो. बर्फ, देवदार, अरुंद वाट, आणि मागं खुरांचा आवाज. जीप परवा सकाळी गावावरून जाणार होती.

घरी आलो तेव्हा दिवस मावळायला अवकाश होता. पुष्पा मैत्रिणीकडे गेली होती. शालन गोठ्यापुढं बसून राखेनं कॅन घासत होती. मी उंबऱ्यावर बसलो आणि सांगितलं.

"कवा निघायचं?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी."

"बरं." तिनं हात धुतले, पदराला पुसले, आत गेली. माळ्यावरून माझी काळी ट्रंक काढल्याचा आवाज आला. तिनं ती खाली आणून पुसली आणि कपड्यांच्या घड्या घालायला बसली. गरम कपडे खाली, त्यावर शर्ट, कडेला साबण, दाढीचं सामान. तिला काही आठवावं लागत नव्हतं. दरवेळी सुट्टी संपली की हेच हात याच क्रमानं ट्रंक भरायचे.

मी बघत बसलो. मी कशाची तरी वाट बघत होतो, आणि ते येत नव्हतं.

"अडवणार नाहीस?" शेवटी मीच म्हणालो.

तिचे हात थांबले. तिनं मान वर केली. ती रागावलेली नव्हती. खरोखरच नवल वाटल्यासारखी बघत होती.

"अडवायचं कसं असतंय ते मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तारीख ठरलेली असायची, तुम्ही जायचा. जाऊ का म्हून मला कुनी इचारलंच न्हाई. मग मी शिकणार कवा?"

"मग इथं राहून करू काय? या घरात माझं काम काय?" माझा आवाज चढला. "तुझं सगळं तू करतेस. मी म्हशीलासुद्धा नको आहे."

तिनं हातातल्या स्वेटरची घडी मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "त्या दिशी कड्यावर त्या खेचराला काय सांगत हुता तुम्ही?"

"काय सांगणार? उगाच. जनावर भ्यालं की बोलत राहायचं असतं."

"उगाच न्हाई. मी ऐकलंय. भिऊ नगंस म्हनत हुता. मी हाय म्हनत हुता. तुला टाकून कुटं जात न्हाई म्हनत हुता." तिनं स्वेटर ट्रंकेत ठेवला. "मला लई दिस वाटायचं, ह्या मानसाला बोलायला येतच न्हाई. काय काय मानसं असत्यात तशी. मी मनाची समजूत घातली हुती. आन त्या दिशी कळलं, येतंय की."

बाहेर कुणाची तरी गुरं घराकडे चालली होती, गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. हळूहळू त्या लांब गेल्या.

"संभा गेला तवा," शालन म्हणाली.

ते नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. पुष्पाच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता. मी सिक्कीममध्ये वर होतो. मुलगा झाल्याचं पत्र मिळालं, आणि सुट्टी मिळायच्या आतच तो गेल्याची तार आली. तीसुद्धा बर्फानं वाट बंद असल्यामुळे उशिरा. मी घरी आलो तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. तेव्हा आई हयात होती. म्हणाली, शालनपुढं विषय काढू नको, सावरलीय ती आता. मी काढला नाही. मग तो काढायचा कधी, हे कळेनासंच झालं.

"ताप आला हुता," शालन सांगत होती. "तुमच्या आईला बरं नव्हतं, म्हून मी एकलीच घिऊन गेले कराडला. डाक्टरनं लई केलं. दुपारी गेला. ते म्हनले, गाडी करून न्या. गाडी कुटली? मी त्याला नीट गुंडाळला, टोपडं घातलं आन येष्टी-स्टँडवर आले. मेलेलं पोर घिऊन येष्टीत बसू देत न्हाईत, असं मला कुनीतरी सांगितलेलं. खरं-खोटं मला ठावं न्हाई. म्हून मी त्याला मांडीवर घिऊन थापटत बसले. कंडक्टर आला, त्याच्याकडनं तिकीट काढलं. आन थापटत राहिले."

तिचा हात ट्रंकेच्या कडेवर होता. तो हलत नव्हता.

"शेजारी एक बाई हुती. लई चांगली बाई. म्हनली, किती शांत हाय गं तुजं पोर, आमचं येष्टीत बसलं की रडून गोंधुळ घालतंय. मी म्हनलं, व्हय, लई शांत हाय." ती थांबली. "तिचं गाव येस्तोवर ती बोलत हुती. काय काय इचारत हुती. बाप काय करतो. मी म्हनलं, फौजेत हाय. म्हनली, मग तुला काय काळजी."

मी उठलो आणि तिच्याजवळ जाऊन खाली बसलो. आमच्या मध्ये ती उघडी ट्रंक होती. मी ती सरकवली.

मी हिमाचलला गेलो नाही. जीप आली तेव्हा रस्त्यापर्यंत जाऊन राजहंस साहेबांना सांगून आलो. त्यांनी एकदाच विचारलं आणि मग हात मिळवला. खेचरांचा ट्रक मागून आला, तेव्हा मी तिथं थांबलो नाही. पुढं घोरपडे साहेबांनी मला संघात कॅन धुण्याच्या कामावर घेतलं, आणि निवृत्त होईतो मी तेच काम केलं. लोक खेचरवाले मेजर म्हणतच राहिले. मुन्नीची आठवण मला आजही येते. घरातही एका दिवसात काही बदललं नाही. कित्येक संध्याकाळी आम्ही दोघं एकमेकांसमोर बसायचो आणि काय बोलावं ते दोघांनाही सुचायचं नाही. शिकायला दोघांनाही उशीर झाला होता. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी मी बराच वेळ तिच्याशेजारी नुसता बसून होतो. कड्यावर जे शब्द आपोआप आले होते, त्यातला एकही येईना. माणसाच्या कपाळाला कपाळ कसं लावायचं ते मला माहीत नव्हतं. शेवटी मला एकच गोष्ट विचारता आली, कारण ती मला खरोखरच ठाऊक नव्हती.

"कसा दिसायचा गं तो?"

शालननं माझ्याकडे बघितलं. आत अंधार पडत चालला होता, दिवा लावायचं दोघांच्याही लक्षात नव्हतं.

"आज इचारलंसा," ती म्हणाली.

मग तिनं पाय पसरले, भिंतीला टेकली आणि सांगायला लागली. "रंगानं माझ्यावर गेला हुता. कान मातुर तुमचे. झोपला की डावी मूठ अशी गालाखाली घ्यायचा..."

तिनं तिची मूठ गालाखाली नेली आणि डोळे मिटून दाखवलं.